मुलांसह प्रवास : सामान कमी, तयारी जास्त

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई, ठाणे, पुणे येथील आपल्या वस्त्यांमधून गावाकडे जाणाऱ्यांची एकच गर्दी उसळते. कोणी विदर्भात जातो, कोणी मराठवाड्यात, कोणी खानदेशात, कोणी कोकणात. गावी आजी-आजोबा वाट पाहत असतात, कुणाकडे लग्न निघालेले असते. मुले तर महिनाभर आधीपासून दिवस मोजत असतात. पण प्रत्यक्ष जाण्याचा दिवस उजाडला की घरात काय चित्र दिसते? आई पहाटे तीनपासून पोळ्या लाटत असते. बाप पिशव्यांना गाठी मारता मारता सर्वांवर ओरडत असतो. मुलांना कोणी काही सांगत नाही, नुसते 'इकडे बस, तिकडे जाऊ नको' एवढेच. गाडीत बसेपर्यंत सगळे थकलेले, आणि खरा प्रवास तर पुढेच असतो.

वस्तीतील कुटुंबांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाण्याची व्यवस्था आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. दुधावरच्या बाळापासून दहावीच्या मुलापर्यंत सर्व वयाची मुले त्यात असतात. त्यावरून आमचे एक मत बनले आहे. सर्व भार एकट्या आईवर टाकला आणि मुलांना सामानासारखे उचलून नेले की प्रवास जड होतो. कामे वाटून घेतली आणि मुलांना आधीच सारे सांगून ठेवले, तर तोच प्रवास सोपा होतो. यासाठी जास्तीचे पैसे लागत नाहीत. आदल्या आठवड्यात थोडा विचार मात्र करावा लागतो.

तिकिटाचा हिशेब

प्रथम तिकीट. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू होई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी सुरू होते. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचे असेल तर मार्चच्या सुरुवातीलाच जागे व्हायला हवे. शाळेच्या परीक्षेची तारीख कळली की लगेच घरात बसून जाण्याचा दिवस ठरवावा. 'बघू, मिळेल काहीतरी' असे म्हणून वेटिंगच्या तिकिटावर लहान मुले घेऊन निघू नये. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता तयार झाल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिले तर ते आपोआप रद्द होते. खिडकीवर काढलेले वेटिंगचे तिकीट असले तरी त्यावर स्लीपरच्या डब्यात बसता येत नाही. मध्यरात्री तिकीट तपासनीसाने उतरवले तर पोरे घेऊन कुठल्या फलाटावर बसणार?

मुलांच्या भाड्याचा नियम सर्वांनी नीट समजून घ्यावा. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळी जागाही मिळत नाही. पाच वर्षे पूर्ण झालेल्या आणि बारा वर्षांखालील मुलाचे अर्धे तिकीट निघते, परंतु एप्रिल २०१६ पासून अर्ध्या तिकिटावर वेगळा बर्थ मिळत नाही. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. येथे बहुतेक कुटुंबे अर्ध्या तिकिटाकडे वळतात. पैसा वाचतो हे खरे. पण आम्ही जमाखर्च लिहिणारी माणसे, म्हणून दुसरा रकानाही पाहतो. मुंबई ते नागपूर ८०० किलोमीटरहून अधिक अंतर आहे. रात्रीच्या गाडीत दहा वर्षांचा मुलगा आणि आई एका बर्थवर म्हणजे आई रात्रभर बसून. तो वाचलेला पैसा आईच्या झोपेतून काढलेला असतो. दुसऱ्या दिवशी गावी पोचताच तिला पुन्हा चुलीपुढे बसायचे असते. म्हणून दोन-तीन मुले असतील तर निदान एका मुलाचा पूर्ण बर्थ घ्यावा आणि तो खर्च दुसरीकडून कापावा. गाडीत विकत घेतलेला चहा, वेफर्स, शीतपेये यांचा हिशेब मांडून पाहा. बराचसा पैसा तेथूनच निघेल.

एस.टी.तही पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धे तिकीट आहे. शिवाय १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.च्या सर्व गाड्यांत महिलांना निम्मे भाडे लागते. तेव्हा आगगाडीतून उतरल्यावर पुढचा टप्पा खासगी जीपमध्ये कोंबून घेऊन करण्यापेक्षा एस.टी.ची वेळ आधी विचारून ठेवावी. मुलांच्या वयाच्या दाखल्याची किंवा आधार कार्डाची प्रत बरोबर असू द्यावी. वाद वाचतो.

कामे वाटून घ्या

निघण्याच्या दोन दिवस आधी घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि एका कागदावर तीन रकाने पाडावेत: आई, बाबा, मुले. कोण काय करणार ते लिहावे. तिकिटे, ओळखपत्रे, पैसे व औषधे एकाने सांभाळावी. सामान मोजणे दुसऱ्याकडे द्यावे. शिदोरी करण्याचे काम एकट्या आईचे नव्हे. पोळ्या तिने लाटल्या तर चटणी कुटणे, डबे भरणे, पाणी उकळून गार करणे हे बाकीच्यांनी करावे. मोठ्या गाठोड्यांची संख्या मोठ्या माणसांच्या हातांपेक्षा जास्त असू नये, कारण एक हात मुलासाठी मोकळा हवा. हा साधा नियम पाळला तर अर्धी धांदल तेथेच संपते. गावी देण्यासाठी घेतलेल्या वस्तूंनी पिशव्या फुगतात आणि मुलाचा हात धरायला कोणीच उरत नाही, असे आम्ही फलाटावर नेहमी पाहतो.

सहा वर्षांवरील प्रत्येक मुलाला त्याची छोटी पिशवी द्यावी. तिच्यात एक जोडी कपडे, पंचा, पाण्याची बाटली, एक वही-पेन्सिल आणि थोडा कोरडा खाऊ. पिशवी त्याची, जबाबदारीही त्याची. चढताना आणि उतरताना सामानाचे डाग मोजायचे काम पोराला सांगून पाहा. 'बाबा, नऊच झाले, एक राहिला' असे तो मोठ्या माणसापेक्षा आधी सांगेल.

मुलांना आदल्या दिवशी प्रवास समजावून सांगावा. किती वाजता निघायचे, गाडीत किती वेळ बसायचे, रात्र कुठे होईल, सकाळी कुठे उतरायचे, पुढे एस.टी. किती तासांची. लहान मूल कंटाळून रडते, त्याचे एक कारण असे की हे सगळे कधी संपणार ते त्याला ठाऊक नसते. 'भुसावळ गेले की झोपायचे, वर्धा आले की तोंड धुवायचे' असे सांगितले की त्याला धरायला काहीतरी मिळते.

गावी न्यायला येणाऱ्या माणसालाही दोनदा कळवावे आणि कळल्याचा उलट निरोप घ्यावा. गाडीला उशीर झाला तर त्याला कोण फोन करणार, हेही ठरवून ठेवावे.

शिदोरी आणि पाणी

उन्हाळ्यात भात, रस्सा, दह्याचे पदार्थ आणि ओली चटणी डब्यात घेऊ नये. काही तासांतच ते आंबते आणि मुलांचे पोट बिघडते. दशम्या, गूळपोळी, कोरडी चटणी, भाजलेले पोहे किंवा मुरमुरे, केळी, लाडू हे टिकते आणि पोटालाही सोसते. पहिल्या जेवणाचा डबा वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा भरावा, म्हणजे सर्व अन्नाला सारखा हात लागत नाही. चार-पाच वर्षांखालील मुलाला चालत्या गाडीत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या देऊ नयेत. धक्क्याने दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. त्याऐवजी कुटाचा लाडू द्यावा. खाण्यापूर्वी साबणाने हात धुवायचे. साबणाची वडी वरच्याच कप्प्यात ठेवावी.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही लागत नाही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. मात्र आईने स्वतः भरपूर पाणी पीत राहावे. अनेक एस.टी. स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी हिरकणी कक्ष आहेत. तेथे निःसंकोच जावे. कुलूप असेल तर स्थानकप्रमुखाकडे किल्ली मागावी. तो आपला हक्क आहे.

पाण्याविषयी बोलताना बाबासाहेबांच्या बालपणातील एक प्रवास आठवल्याशिवाय राहत नाही. १९०१ सालची उन्हाळ्याची सुट्टी. वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. त्यांनी मुलांना बोलावून घेतले. नवे कपडे घालून मुले मोठ्या आनंदाने साताऱ्याहून निघाली आणि आगगाडीने मसूरला उतरली. येत असल्याचे पत्र वडिलांना पाठवले होते, पण नोकर ते त्यांच्या हाती द्यायला विसरला, म्हणून न्यायला कोणी आलेच नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा नूर बदलला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही बसवून घ्यायला तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. जवळ शिदोरी होती, पण रात्रभर कोणी घोटभर पाणी दिले नाही. भुकेली, तहानलेली मुले दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

त्या मुलांच्या तयारीत काहीच उणे नव्हते. पाणी समाजाने नाकारले होते. पुढे त्याच मुलाच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाच्या १५व्या कलमाने विहिरी, तलाव, रस्ते, दुकाने, उपाहारगृहे सर्वांना खुली केली. म्हणून आमचे सांगणे असे, की फलाटावर 'पिण्याचे पाणी' असे लिहिलेल्या नळावर आपल्या मुलाला स्वतःच्या हाताने बाटली भरू द्या आणि भरता भरता त्याला ही गोष्ट सांगा. इतिहासाच्या पुस्तकातील धड्यापेक्षा ती त्याच्या जास्त लक्षात राहील. तान्ह्या आणि नाजूक पोटाच्या मुलांसाठी मात्र घरून उकळून गार केलेले पाणीच घ्यावे. बाटली विकत घेतली तर सील तपासावे आणि रिकामी बाटली चुरगाळून टाकावी.

ऊन आणि गाडी लागणे

मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोला भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. स्लीपरच्या डब्यात दुपारी खिडकीतून वाऱ्याऐवजी झळा येतात. मुलांना सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे घालावेत. पंचा ओला करून डोक्यावर ठेवावा. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट पाणी द्यावे. ओ.आर.एस.ची दोन पाकिटे जवळ असावीत. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्यातच ती विरघळवावी आणि २४ तासांनंतर उरलेले ओतून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालावे. मूल सुस्त पडले, अंग तापले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर गाव येण्याची वाट पाहू नये. तिकीट तपासनीसाला सांगावे किंवा १३९ या क्रमांकावर फोन करावा. पुढच्या मोठ्या स्थानकावर डॉक्टर बोलावण्याची सोय रेल्वे करते.

घाटाच्या रस्त्यावर एस.टी. लागणे ही दोन ते बारा वर्षांच्या मुलांची नेहमीची तक्रार. अशा मुलाला पुढच्या बाजूस बसवावे, मागच्या चाकांवर नको. त्याला समोर दूरवर पाहायला सांगावे. मोबाईल किंवा पुस्तक खाली मान घालून पाहू देऊ नये. पोट अगदी रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवाव्यात. मोठ्यांची गोळी मोडून मुलाला देण्याची पद्धत वाईट. मुलाचे वजन पाहून डॉक्टरांनी सांगितलेलेच औषध द्यावे.

गाडीतील अभ्यास

मुलांच्या हाती मोबाईल दिला की ती गप्प बसतात हे खरे, परंतु सकाळी फोन बंद पडलेला असतो आणि नेमका तेव्हाच न्यायला येणाऱ्याला फोन करायचा असतो. त्याऐवजी वही-पेन्सिल बाहेर काढावी. प्रत्येक मोठ्या स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती टिपायला सांगावी. कल्याणचा आकडा लिहिला, मग इगतपुरीचा लिहिला की आपण केवढे चढलो याची वजाबाकी मुले स्वतःच करतात. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने का लावतात, हे तेव्हा समजते. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे. मनमाडला मराठवाड्याची वाट फुटते, जळगावला सुरतेची, बडनेऱ्याला अमरावतीची. धामणगाव सोडल्यावर पुलगावच्या आधी वर्धा नदी लागते आणि जिल्हा बदलतो. एवढा भूगोल एका तिकिटात मिळतो.

रात्री दहा ते सकाळी सहा ही मधला बर्थ उघडण्याची वेळ. त्याआधीच मुलांचे जेवण, लघवी, तोंड धुणे उरकून घ्यावे. लहान मुलास वरच्या बर्थवर झोपवू नये. खालच्या बर्थवर भिंतीच्या बाजूला झोपवावे. संडासकडे जाताना मोठे माणूस बरोबर हवेच. दाराशी मुलांना उभे करू नये. दोन मिनिटांच्या थांब्यावर पाण्यासाठी किंवा वड्यासाठी उतरू नये. आईबाप फलाटावर आणि मुले गाडीत, अशी वेळ कोणावरही येऊ नये. एस.टी.ची जागा धरण्यासाठी रुमाल खिडकीतून टाकतात इथवर ठीक, पण मुलाला खिडकीतून आत ढकलण्याची रीत आता तरी बंद व्हावी.

गर्दीत मूल चुकले तर

विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखोंचा समुदाय असतो. मुलांना तेथे जरूर न्यावे, पण तयारीने न्यावे. तान्ह्या बाळाला ऐन गर्दीच्या वेळी रांगेत उभे करण्यापेक्षा एखादा दिवस आधी किंवा नंतर दर्शन घेतले तर काही बिघडत नाही. निघण्यापूर्वी, सकाळी त्याच दिवशीच्या कपड्यांत प्रत्येक मुलाचा फोटो मोबाईलवर काढून ठेवावा. आई-बाबा दोघांचेही फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या आतल्या खिशात ठेवावी. नाव बाहेर दिसेल असे लिहू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल चटकन विश्वास ठेवते. पाच वर्षांवरील मुलाकडून स्वतःचे पूर्ण नाव, गाव, वस्तीचे नाव आणि एक फोन नंबर पाठ करून घ्यावा.

भेटण्याची जागा आधी ठरवावी आणि मुलांना ती डोळ्यांनी दाखवावी. दादरला पूर्वी पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवर एक, दोन, तीन असेच फलाट होते आणि 'एक नंबरवर थांब' असे सांगितलेली माणसे दोन ठिकाणी उभी राहत. ९ डिसेंबर २०२३ पासून फलाटांना सलग क्रमांक दिले आहेत, पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. चैत्यभूमी पश्चिमेकडे आहे. एवढे मुलांना सांगून ठेवावे.

'चुकलास तर धावू नकोस, तेथेच थांब. मग गणवेशातील पोलिसाला किंवा मुले बरोबर असलेल्या बाईला सांग' हे वाक्य घरी दोन-तीनदा म्हणून घ्यावे. मूल चुकल्याचे ध्यानात येताच रेल्वेत १३९, बाहेर ११२ आणि मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकांवर फोन करावा. ११२ आणि १०९८ हे क्रमांक फुकट आहेत. सापडल्यावर मुलाला मारू नये. भेदरलेले मूल मार खाल्ल्यावर पुढच्या वेळी मदत मागायलाही घाबरते.

शेवटी एवढेच की, सुट्टीपूर्वी वस्तीतील चार-पाच कुटुंबांनी एका संध्याकाळी विहारात किंवा कोणाच्या घरी एकत्र बसावे. कोण कोणत्या गाडीने जाणार ते कळले तर एकटी बाई दोन मुले घेऊन जाणार असेल, तिला सोबत मिळते, एकाचे जास्तीचे ओ.आर.एस. दुसऱ्याला उपयोगी पडते. आणि घरातील पुरुषांना आमची विनंती अशी, की या खेपेस गाडीत बसल्यावर पहिले दोन तास लहान मूल आपल्या मांडीवर घ्यावे आणि त्याच्या आईला खिडकीशी बसू द्यावे. पहाटे तीनपासून ती उभी आहे.

जय भीम!